औषध न मारलेली बांधी

मुरली गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी वाद घालत होतो. वाद नेहमीचाच. गिऱ्हाईक धानाची चार पानं खिशातून काढून काउंटरवर ठेवतं, "रोग आला, काय देता?" म्हणतं, आणि मी विचारतो, शेतात किती जागी आला, युरिया किती टाकला? त्याला माझ्या प्रश्नांशी काही देणंघेणं नसतं, त्याला बाटली हवी असते. अड्याळला माझं कृषी केंद्र आहे, बाटल्या विकणं हाच माझा धंदा. मग असले प्रश्न विचारायची खोड मला लावली कोणी? ज्याच्या मरणाची बातमी त्या फोनवर होती त्यानेच. पलीकडून दौलतभाऊ, मुरलीचे थोरले भाऊ, एवढंच बोलले, "विलास, मुरली गेला गा." मी "बरं" म्हणालो. गिऱ्हाइकाला हवं होतं ते देऊन टाकलं, शटर ओढलं... आणि खरं सांगतो, मला रडू आलं नाही. आधी राग आला. इतका, की मोटारसायकलला किल्ली लागेना. आता महिना उलटून गेला तरी तो राग पुरता उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

मुरली आणि मी कृषीचं शिकायला नागपूरला एकाच वर्षी गेलो आणि एकाच खोलीत राहिलो. शिक्षण झाल्यावर मी सरळ गावाकडे येऊन दुकान टाकलं. तो शिकतच राहिला. पिकांना बुरशीमुळे होणारे रोग हा त्याचा विषय, आणि नोकरीभर त्याने नागपूरच्या एका कॉलेजात पोरांना तोच शिकवला. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायचा, जसं काही बाजारातून मीठ आणायचं राहून जावं. निवृत्त झाल्याबरोबर बाडबिस्तरा उचलून तलावाकाठच्या आपल्या गावी, दौलतभाऊ आणि सुमनवहिनींकडे राहायला आला. मी त्याला मास्तर म्हणायचो, तो मला शेठ. दर बाजाराच्या दिवशी अड्याळला यायचा, भाजीची पिशवी माझ्या काउंटरमागे टाकायचा आणि दुकानातल्या बाकावर ठाण मांडायचा. ऐन हंगाम, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि हा गिऱ्हाइकांना सांगतोय, "थांब ना बापा दोन दिवस. कायले मारून राहिला औषध?" मी वैतागून म्हणायचो, "मास्तर, समोरच्या दुकानात जाऊन बस ना लेका. त्याचा धंदा बुडव." तो म्हणायचा, "तिथं चहा पाजत नाही." वर गिऱ्हाईकच त्याच्या बाजूने हसायचं.

त्याचं म्हणणं मला इतक्यांदा ऐकावं लागलं आहे की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. धानावर करपा नावाचा रोग पडतो, त्याच्या बुरशीचं बीज डोळ्यांना दिसत नाही इतकं बारीक. ते हवेतून येतं, पानावरच्या दवाच्या थेंबात रुजतं, पानाला घट्ट चिकटतं आणि जोर लावून त्याच्या कातडीला भोक पाडतं. आपल्याला वाटतं, झाड बिचारं एका जागी उभं, त्याला पळता येत नाही की चावता येत नाही, ते काय करणार? मुरली म्हणायचा, इथंच आपली फसगत होते. झाडाच्या अंगात रक्त नाही, अंगभर फिरून पहारा देणाऱ्या पेशी नाहीत, म्हणून प्रत्येक पेशी आपल्यापुरती लढायला तयार असते. बुरशी टोचायला लागली की पेशीला ते कळतं. जखमेवर टाकल्यावर फेस येणारं औषध असतं ना, तेच द्रव्य ती तिथल्या तिथे तयार करते. आपली भिंत जाड करते, लाकडाला टणकपणा देणारा पदार्थ तिच्यात भरते, बुरशीची भिंत कापणारी विकरं सोडते. आणि मग विष बनवते. हे विष धडधाकट पानात जवळपास नसतंच, हल्ला झाल्यावर ताजं ताजं बनतं. त्याला फायटोअलेक्झिन म्हणतात. हा शब्द सुमनवहिनींकडून पाठ करून घ्यायचा त्याने बराच प्रयत्न केला. त्या म्हणायच्या, "भावजी, मले भात उतरवू द्या आधी."

सगळ्यात शेवटचा उपाय मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याला तो पुन्हा सांगायला लावला होता. बुरशी जिथे शिरली ती पेशी, आणि तिच्या आजूबाजूच्याही, स्वतःहून मरतात. करप्याला पाय रोवायला आधी जिवंत पेशी लागते. ती मिळाली नाही की तो त्या विषाने भरलेल्या मेल्या जागेत कोंडला जातो. बाकीच्या पानांना सावध राहायचा निरोप जातो, आणि या पानावर उरतो एक तपकिरी ठिपका, मोहरीच्या दाण्याएवढा. तो वाढत नाही. ज्या जाती करप्याला बळी पडतात त्यांच्याकडेही ही हत्यारं असतात बरं का, फक्त त्यांना उशीर होतो. हत्यार बाहेर काढेपर्यंत बुरशी पुढच्या पेशीत गेलेली असते, मग डाग लांबतो, डोळ्याच्या आकाराचा होतो, मध्ये राखाडी पडतो. म्हणजे दोन डाग. एक पान जिंकल्याचा आणि एक हरल्याचा. आणि इथेच आमच्याकडे घोडं पेंड खायचं. आमच्या लोकांच्या लेखी डाग म्हणजे डाग. पान जिंकलेलं असो की हरलेलं, फवारणीचा पंप पाठीवर चढलाच. माझ्या धंद्यासाठी ते बरंच होतं, पण मुरलीच्या जिवाचा त्याने नुसता जाळ व्हायचा.

त्याच्या सगळ्या आशा एका बांधीत होत्या. आमच्याकडे शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात. करप्याने गाव होरपळलेल्या एका सालात, दौलतभाऊंच्या राखाडी पडलेल्या शेतात त्याला एक जुन्या वाणाचं रोप हिरवंगार उभं दिसलं. अंगभर बारीक ठिपके, पण ओंबी भरलेली. त्याने त्याचं बी धरलं, दर वर्षी त्यातून निवडत गेला, वाढवत गेला आणि तलावाच्या अगदी खालची बांधी त्यासाठी घेतली. गावात त्याला मास्तरचं धान म्हणायचे. मी म्हणायचो, अरे दे ना चार लोकांना, लावून पाहतील. तो मान हलवायचा. म्हणायचा, चांगल्या सालात काय, कोणतंही धान उभं राहते. करप्याचं खरं साल येऊ दे, पावसाची झिमझिम, सकाळी धुकं, थंड रात्री, सगळीकडे करपा... त्यात औषधाचा थेंब न लागता हे टिकलं, तर मी स्वतः घरोघरी नेऊन देतो. नाही टिकलं तर शिजवून खाऊ. तोपर्यंत कोणाला एक दाणा नाही. मूर्खपणाच होता हा, पण प्रामाणिक मूर्खपणा, आणि त्याला समजावणारा अजून जन्माला आला नव्हता.

औषध न मारलेली बांधी ठेवणं आमच्याकडे सोपी गोष्ट नाही. तलावाखालच्या बांध्या एकमेकींना लागून उतरत जातात. फवारणी निघाली की वरच्या धुऱ्यापासून, म्हणजे वरच्या बांधापासून, सगळ्यांची एकदम निघते. मधली एक सोडली तर रोग तिथे दडून बसतो आणि मागून सगळ्यांच्या अंगावर येतो असं लोक म्हणतात, आणि ते काही अगदीच खोटं नाही, हे मुरलीही कबूल करायचा. म्हणून जो घरी नाही, आजारी आहे, लग्नाला गेलेला आहे, त्याच्या बांधीत शेजारी न विचारता पंप मारून देतात. ती आमच्याकडची माणुसकी आहे. ती नाकारणारा माणूस घमेंडी ठरतो. मुरली दर साली धुऱ्यावर उभा राहून हात जोडायचा, लोक तोंड वाकडं करून बांधी सोडून जायचे, आणि संध्याकाळी दौलतभाऊंना पारावर दोन शब्द ऐकावे लागायचे. "तुह्या भावाच्या बांधीतूनच येते गा रोग." दौलतभाऊ ते घरी येऊन बोलत नसत, पण ताटावरून लवकर उठत.

आणि मग गेल्या साली, ज्याची तो वाट पाहत होता ते साल आलं. नवरात्राच्या आधीपासून झिमझिम, तलावावर सकाळी धुकं असं की समोरचा काठ दिसू नये. करपा मोहाडीकडून निघाला म्हणता म्हणता आमच्याकडे येऊन ठेपला. माझं दुकान ओसंडून वाहत होतं आणि मुरली कुठे होता? नागपूरच्या दवाखान्यात. हर्नियाचं ऑपरेशन केलं, जखम चिघळली, डॉक्टर सोडेनात. रोज मला फोन, "शेठ, बांधीत गेला होता काय? डाग कसा हाये? मधात राखाडी हाये काय?" मला दुकान सोडून जाता येईना. शेवटी एका सोमवारी दुकान बंद ठेवलं, सुमनवहिनींना सोबत घेतलं आणि नागपूरला निघालो. वहिनींनी त्याच्यासाठी लाखोळीच्या डाळीचं वरण आणि भाताचा डबा घेतला होता. वाटेत त्यांनी मला काही सांगितलं नाही. त्यांना ती खुशखबर दिरालाच द्यायची होती.

त्याच्या खाटेजवळ बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "भावजी, आता बिलकुल काळजी करू नका. तुमच्या बांधीले दोनदा औषध मारलं. सगळे लोक आले होते. बिचारे म्हणे, मास्तर दवाखान्यात हायेत, त्यांचा धान कसा जाऊ देऊ? आपला पंप, आपला तेल, सगळं त्यांनीच केलन." त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला खाली बघावं लागलं. मुरलीने तोंडातला घास गिळला. मग म्हणाला, "बरं केलं वहिनी. सगळ्याइले सांगा, मास्तर लय खूश झाला म्हणून." त्या डबा धुवायला बाहेर गेल्या तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. औषध माझ्या दुकानातून गेलं नव्हतं हे सांगायची मी तयारीही करून ठेवली होती. पण तो म्हणाला, "शेठ, एवढा जीव लावते हे लोक... काही पाहूच देत नाही रे." त्या साली मास्तरचं धान उत्तम आलं. सगळ्यांचंच आलं. औषधाने आलं की स्वतःच्या बळावर, हे सांगायची काही सोय उरली नाही. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईची जत्रा भरते, त्या दिवशी लोक त्याला भेटून म्हणत होते, पाहा मास्तर, वाचवलं की नाही तुमचं धान? आणि हा हसून सगळ्यांना पान खिलवत होता. माझा मात्र तिळपापड झाला होता.

या साली त्याने पुन्हा रोवणी केली. आणि पोळ्याच्या सुमारास त्याला ताप आला. फोनवर आवाज बसलेला. म्हटलं, पवनीला दाखवून ये, नाहीतर मी येतो न्यायला. तर मास्तरांचं उत्तर, "थांबू ना दोन दिवस. शरीर लढते ना आपलं." मी ओरडलो. म्हटलं, तू धान आहेस काय रे? तो हसला आणि खोकला. दोन दिवसांचे किती दिवस झाले कोण जाणे. वहिनी काढा देत राहिल्या, तो गोळी खायचा, ताप उतरायचा, आणि तो चिखल तुडवत बांधीत जायचा. शेवटी श्वास लागला तेव्हा दौलतभाऊंनी त्याला उचलून गाडीत घातलं, भंडारा, आणि तिथून नागपूर. डॉक्टरांनी त्याचं अंग तपासलं आणि गुडघ्याच्या मागे त्यांना एक काळी खपली सापडली, विडीने चटका दिल्यासारखी. गवतातला एक बारीक किडा चावतो, तिथे अशी खपली धरते, आणि ताप येतो. स्क्रब टायफस. लवकर ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. आमच्या भागात पावसाळ्यात दर साली निघतो, मी माझ्या गिऱ्हाइकांनाही सांगत असतो. ज्याने जन्मभर पानावरचे डाग वाचले त्याला स्वतःच्या पायावरचा डाग दिसला नाही, किंवा दिसला आणि त्याने तोही थांबून पाहिला... हे मला सहन होत नाही. हे मी त्याला माफ करायला तयार नाही. दवाखान्यात त्याच्याजवळ राहून मी अड्याळला दुकान उघडायला परत आलो त्याच सकाळी तो गेला.

तेरवीनंतर मी त्या गावी पाऊल टाकलं नव्हतं. परवा दौलतभाऊंचा फोन आला. "विलास, येऊन जा बरं. पाणी झिमझिम लागून राहिलं, करपा वर येऊन राहिला. लोक पंप घेऊन उतरले. मी काय करू, तूच सांग." मी पोचलो तेव्हा पंपवाले वरच्या बांध्यांत होते, चौघं जण, गुडघाभर चिखलात. धुऱ्यावर सुमनवहिनी पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. मला पाहताच म्हणाल्या, "भाऊ, भावजी तं गेले. आता त्यांचा धान बी जाऊ द्याचा काय? आखरीची निशानी हाये ते." मी चिडून म्हणालो, "वहिनी, त्याले हे औषध मारून वाचलेलं धान नाही पायजे होतं." त्या म्हणाल्या, "त्याइले काय पायजे होतं ते आता कोणाले विचारू?" मी औषधं विकणारा माणूस. बांधीतल्या पानांवर डाग होते, ते मला धुऱ्यावरूनच दिसत होते. ते वाढणार की थांबणार हे सांगायची माझी लायकी नव्हती, आणि ज्याची होती तो नव्हता.

दौलतभाऊ बांधीत उतरले आणि मला हाताने बोलावलं. चार पावलं आत गेल्यावर त्यांनी एक पान वाकवून माझ्यापुढे धरलं. "हे काय होय, मले समजून नाही राहिलं." पानावर एक तपकिरी ठिपका होता आणि त्याच्या भोवती निळ्या शाईचं बारीकसं कडं. मार्करने काढलेलं. शेजारच्या पानावरही तेच. त्याच्याही पलीकडे... खाली वाकून पाहिलं तर सगळ्या ओळीत खालच्या पानांवर निळी कडी, कुठे एक, कुठे दोन, टोकं पिवळी पडलेल्या पानांवरसुद्धा. ताप अंगात घेऊन तो चिखलात इथे येत होता तो यासाठी. ठिपका आज केवढा आहे ते पानावरच नोंदवून ठेवत होता, म्हणजे पुढे कड्याबाहेर गेला तर दिसेल. मी चिखलात बसलो आणि एकेक पान पाहत गेलो. एका जागी ठिपका कड्याबाहेर सरकला होता, दुसऱ्या एका ठिकाणीही. बाकी सगळे आत होते. करपा आजूबाजूच्या बांध्यांत उठला होता, इतक्या दिवसांचा पाऊस त्यांच्यावरून गेला होता, पण ठिपके होते तिथेच, मोहरीएवढे, कोंडलेले. अजून ओंबी यायची होती, ओंबीची मान मोडणारा करपा, मानमोडी, यायची होती, यातून काहीच पक्कं ठरत नव्हतं. तरी माझ्या तोंडून त्याच्या नावाने अस्सल शिवी निघाली. एक शब्द सांगायला काय झालं होतं याला? मला, भावाला, कोणालाही?

मी दौलतभाऊंना समजावलं तसं ते ऐकत राहिले. मला वाटलं, यांच्या काही पचनी पडत नाही. "म्हणजे हे भायेर नाही गेलं तं धान जिंकला, असं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी ओळीवरून नजर फिरवली. बांधीच्या मध्यापर्यंत कडी होती, त्यापुढे पानं कोरी. तिथवरच तो पोचू शकला होता. दौलतभाऊंनी बंडीच्या खिशातून एक निळा मार्कर काढला. "त्याच्या कुडत्यात होता. मले वाटलं, पोरं कागदावर लिहायले नेतीन म्हणून ठेवला." ते पुढच्या ओळीपाशी गेले, एक पान डाव्या हातावर घेतलं आणि त्या ठिपक्याभोवती कडं काढलं. कडं भलतंच मोठं झालं. मी म्हणालो, "भाऊ, एवढं मोठं नका काढू. मग तो सरकला तरी समजणार नाही." त्यांनी दुसरं पान घेतलं आणि जपून, ठिपक्याला अगदी लागून काढलं. "मले अजून बी पटत नाही बरं," ते पानावरची नजर न उचलता म्हणाले, आणि तिसऱ्या पानाकडे वळले.

पंपवाले एव्हाना शेवटच्या धुऱ्यापर्यंत आले होते. धुऱ्यावरून सुमनवहिनींनी आवाज दिला, "अहो, हे इचारून राहिले, सुरू करू काय?"

दौलतभाऊ वाकलेलेच होते. "त्याइले सांग," ते म्हणाले, "आपली बांधी सोडा म्हणा."